विठ्ठल हे नाव एकटं येतच नाही

विष्णुसहस्रनामात विठ्ठल हे नाव नाही. हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी परत सगळं नीट वाचून काढलं, कारण विश्वास बसेना. भीष्मांनी युधिष्ठिराला हजार नावं सांगितली, त्यात केशव आहे, माधव आहे, गोविंद आहे, 'स्थाणु' म्हणजे अजिबात न हलणारा असंही एक आहे, जे आपल्या विटेवरच्या देवाला अगदी चपखल बसतं, पण विठ्ठल नाही. संध्येत आचमन करताना जी चोवीस नावं घेतात, केशवाय नमः पासून श्रीकृष्णाय नमः पर्यंत, त्यातही नाही. आणि महाराष्ट्रात उभ्याने, बसून, चालताना, दळताना, मरताना जे नाव सगळ्यात जास्त घेतलं गेलंय ते हेच.

मग हे नाव आलं कुठून आणि त्याचा अर्थ काय, यावर मी गेली काही वर्षं जमेल तसं वाचतेय. अभ्यासक वगैरे नाही मी, घरात हरिपाठ होतो, एकादशी असते, एवढंच. पण आषाढी जवळ आली की व्हॉट्सॲपवर 'विठ्ठल नावाचा खरा अर्थ' असे फॉरवर्ड सुरू होतात आणि प्रत्येकात वेगळाच खरा अर्थ असतो, म्हणून म्हटलं एकदा मला काय वाटतं ते सविस्तर लिहावं.

तर सगळ्यात सोपी आणि सगळ्यांच्या तोंडी असलेली गोष्ट म्हणजे वीट. विटेवर उभा म्हणून विठ्ठल. ऐकायला गोड आहे पण भाषेचे जाणकार हे सहसा मान्य करत नाहीत. ते म्हणतात की विष्णूचंच कानडी रूप विट्टु किंवा बिट्टि असं होतं आणि त्यातून विठ्ठल झालं, रा. गो. भांडारकरांनी हेच मांडलंय. यात तथ्य वाटतं कारण कर्नाटकातल्या होयसळ घराण्याचा जो प्रसिद्ध राजा विष्णुवर्धन, त्याचं आधीचं नाव बिट्टिदेव होतं, म्हणजे विष्णूला बिट्टि म्हणायची पद्धत तिकडे होतीच. पंढरपूरच्या देवळात तुळईवर 1237 सालचा शिलालेख आहे, त्यात होयसळ राजा सोमेश्वराने विठ्ठलाच्या भोगासाठी गाव दान दिल्याचं लिहिलंय. म्हणजे ज्ञानेश्वरीच्याही आधी पन्नासेक वर्षं. आणि माउलींनी स्वतःच 'कानडा हो विठ्ठलु कर्नाटकु' म्हणून ठेवलंय, तेव्हा देव आधी कुणाचा यावर दोन राज्यांनी भांडायचं काही कारण नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

संशोधक रा. चिं. ढेऱ्यांनी तर या देवाचं मूळ गवळी-धनगरांच्या दैवतात शोधलं. कोल्हापूर जिल्ह्यात पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाची यात्रा असते, भंडारा उधळून सगळं पिवळंधमक झालेलं असतं, तिथला विठ्ठल हा धनगरांचा विठ्ठल. तो बघितला की पटतं की आपण ज्याला फक्त टाळ-मृदंगाचा देव समजतो तो त्याआधी मेंढरांमागे रानोमाळ फिरणाऱ्यांचाही होता.

आणि एक संस्कृत फोड आहे, पंडितांनी केलेली. विद् म्हणजे ज्ञान, ठ म्हणजे शून्य, ल म्हणजे घेणारा, जवळ करणारा, म्हणजे ज्ञानाने शून्य असलेल्यांना जो आपलंसं करतो तो विठ्ठल. व्याकरणाच्या बाजूने ही ओढूनताणून केलेली वाटते, मलाही वाटते. पण ज्यांनी केली त्यांना देव बरोबर कळला होता. कारण या देवाच्या दारात शिंपी आला, कुंभार आला, माळी आला, न्हावी आला, सोनार आला, दासी आली, आणि ज्ञान नाही म्हणून देवाने कुणाला दूर लोटल्याची गोष्ट मला तरी माहीत नाही. लोटलं असेल तर माणसांनी लोटलं, त्याबद्दल पुढे बोलतेच.

पण या सगळ्या व्युत्पत्त्या वाचून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की नावाचा अर्थ आपण चुकीच्या ठिकाणी शोधतोय. शब्द कापून त्याच्या आत बघतोय. त्यापेक्षा हे नाव लोक घेतात कसं, कुणाबरोबर घेतात, हे बघायला पाहिजे. आता आपला जयघोषच घ्या, लहानपणापासून हजारदा म्हटलाय, पुंडलिक वरदा हरि विठ्ठल, श्री ज्ञानदेव तुकाराम, पंढरीनाथ महाराज की जय. यात पहिलं नाव कुणाचं आहे? पुंडलिकाचं. देवाचं नाव त्याच्या नंतर. पुंडलिकाला वर देणारा, ही विठ्ठलाची पहिली ओळख. त्याने काय केलं, किती राक्षस मारले, विश्व कसं निर्माण केलं यातलं काहीच नाही, तो कुणासाठी आला एवढंच. आरतीतही तेच आहे, नामदेवराय म्हणतात 'पुंडलिकाचे भेटी परब्रह्म आलें गा'. म्हणजे परब्रह्म भेटीला आलं, भक्त गेला नाही.

गोष्ट सगळ्यांना माहीत आहे तरी सांगते कारण ती मला दरवेळी नवीन वाटते. पुंडलिक आईबापांची सेवा करत बसलेला, देव दारात, आणि हा म्हणतो थांब जरा, हातातलं काम झालं की येतो, आणि मागे न वळता एक वीट फेकतो उभं राहायला. आणि देव थांबतो! रागावत नाही, शाप देत नाही, कमरेवर हात ठेवून उभा राहतो, आणि अठ्ठावीस युगं झाली तरी उभाच आहे. तुकोबांनी यावरून पुंडलिकाशीच भांडण काढलंय, 'कां रे पुंड्या मातलासी, उभे केलें विठ्ठलासी', म्हणजे देवाची बाजू घेऊन भक्ताला दटावणारा भक्त. इतकं प्रेम दुसऱ्या कुठल्या वाङ्मयात असेल तर मला तरी अजून सापडलेलं नाही.

दर्शनाचा क्रमही तसाच आहे. पंढरीला गेलं की आधी चंद्रभागेत स्नान, मग वाळवंटात पुंडलिकाचं दर्शन, आणि मग विठ्ठलाचं. महाद्वारात जाताना पहिली पायरी नामदेवांची. देवापर्यंत पोचायच्या आधी तुम्हाला दोनचार माणसं भेटतातच, त्यांना चुकवून वाटच नाही. आणि वारीत चालताना तर अख्खा रस्ता ज्ञानोबा-तुकाराम ज्ञानोबा-तुकाराम हेच चाललेलं असतं. जायचं देवाकडे आणि नाव घ्यायचं देवाच्या माणसांचं. बाहेरून बघणाऱ्याला हे विचित्र वाटू शकतं पण वारकऱ्याला यात काही वेगळं वाटतच नाही कारण त्याच्या लेखी ती नावं वेगळी नाहीतच.

आता हाक मारायची पद्धत बघा. विठ्ठल हे झालं कागदावरचं नाव. तोंडात येतं तेव्हा त्याचा विठोबा होतो, विठाई होते, विठू होतो. खंडोबा, ज्योतिबा तसा विठोबा, बा म्हणजे बाप. आणि विठाई म्हणजे सरळ आईच. एकाच देवाला एकाच अभंगात बाप पण म्हणायचं आणि आई पण म्हणायचं, आणि यात कुणाला काही अडचण वाटत नाही. पांडुरंग म्हणायचं म्हणजे गोरा, आणि सावळा पण म्हणायचं. मुकुटावर शिवलिंग आहे असं सांगायचं आणि गळ्यात तुळशीची माळ घालायची. रखुमाई आरतीत वामांगी आहे, पंढरपूरच्या देवळात मात्र तिचा गाभारा वेगळा, रुसून आली ती अजून रुसलेलीच. हे सगळं एकाच नावात मावतं.

आणि विठ्या पण म्हणायचं. जनाबाईंचा तो अभंग पहिल्यांदा वाचला तेव्हा मी थक्कच झाले, 'अरे विठ्या विठ्या, मूळ मायेच्या कारट्या'. पुढच्या ओळी तर इथे लिहवत नाहीत इतक्या जहाल आहेत आणि शेवटी स्वतःच सांगते की अंगणात उभी राहून दासी जनी शिव्या देतेय. विचार करा, तेरावं-चौदावं शतक, गंगाखेडहून आलेली, दुसऱ्याच्या घरात दळण-कांडण, झाडलोट करणारी बाई, जिला मोठ्या आवाजात बोलायचीही सोय नसेल, ती अंगणात उभी राहून परब्रह्माला कारट्या म्हणते. आणि हा अभंग कुणी लपवून ठेवला नाही, गाथेत आहे, लोक गातात. देवाच्या नावाला एकेरी करायचा, वाकवायचा, चिडून फेकून द्यायचा हक्क या परंपरेने दासीला दिला. मला विचाराल तर विठ्ठल या नावाचा सगळ्यात मोठा अर्थ इथे आहे. ज्या नावाला घाबरावं लागत नाही ते नाव.

माझी आजी उठताना विठ्ठला म्हणायची, बसताना विठ्ठला म्हणायची, दूध उतू गेलं की विठ्ठला, कुणाचा जीव गेल्याची बातमी आली की विठ्ठला, नातवाला नोकरी लागली तरी विठ्ठला, फक्त सूर वेगळा. ती नामस्मरण करतेय असं तिला कधी वाटलंच नसेल. तुकोबांचा तो अभंग आहे ना, 'विठ्ठल सुखा विठ्ठल दुःखा, तुकया मुखा विठ्ठल', तो मी खूप उशिरा वाचला आणि वाचल्यावर तिचाच आवाज आला.

नाम घ्यायला काय लागतं, तर काहीच लागत नाही, हा तर संतांचा मुख्य मुद्दा. हरिपाठात माउली म्हणतात 'हरि मुखे म्हणा हरि मुखे म्हणा, पुण्याची गणना कोण करी'. मुखे म्हणा, बस. सोवळं नको, मुहूर्त नको, दक्षिणा नको. आणि यातली एक गोष्ट मला फार मोठी वाटते. बाकी बऱ्याच ठिकाणी गुरुमंत्र कानात सांगतात आणि कुणाला सांगायचा नाही अशी ताकीद असते. तुकोबांना बाबाजी चैतन्यांनी स्वप्नात मंत्र दिला, आणि तुकोबांनी काय केलं, तर तो अभंगातच लिहून टाकला, 'बाबाजी आपुलें सांगितलें नाम, मंत्र दिला रामकृष्णहरि'. तिथीसकट लिहिलं, माघ शुद्ध दशमी, गुरुवार. झालं, आता काय गुप्त राहिलं? आज कुठल्याही गावात कीर्तन सुरू होताना जय जय रामकृष्ण हरि म्हणतात, म्हणजे तुकोबांचा गुरुमंत्र आपण सगळे स्पीकरवर म्हणतोय. ज्याला जे मिळालं ते त्याने वाटून टाकलं, आणि त्यात हे बघितलं नाही की समोरचा कोण आहे.

आणि हे नाव मराठीपुरतंही राहिलं नाही. कर्नाटकातले हरिदास, म्हणजे कानडीत पदं रचणारे संत बघा, त्यांच्या पदाच्या शेवटी जी मुद्रा, म्हणजे रचणाऱ्याची खूण येते त्यात बऱ्याच जणांचा आपापला विठ्ठल असतो. पुरंदरदासांचा पुरंदर विठ्ठल, विजयदासांचा विजय विठ्ठल, गोपालदासांचा गोपाल विठ्ठल, जगन्नाथदासांचा जगन्नाथ विठ्ठल. देव एकच पण ज्याच्या त्याच्या नावाला चिकटलेला. इकडे पुंडलिक वरदा आणि तिकडे पुरंदर विठ्ठल, दोन्हीकडे रीत तीच, देवाला ओळखायचं ते त्याच्या माणसावरून. नामदेव तर हे नाव घेऊन पार पंजाबात गेले. शिखांच्या गुरु ग्रंथ साहिबात त्यांची 61 पदं आहेत आणि त्यात 'ईभै बीठलु ऊभै बीठलु बीठल बिनु संसारु नही' अशी ओळ आहे. इथे बीठल, तिथे बीठल, बीठलाशिवाय जगच नाही. गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमानला त्यांचं स्थान आहे, 2015 चं मराठी साहित्य संमेलन तिथे झालं तेव्हा आपल्याकडच्या बऱ्याच जणांना हे पहिल्यांदा कळलं. पंढरीचं तोंडही न बघितलेला माणूस रोज पाठात बीठल म्हणतोय हे मला कळलं तेव्हा अंगावर काटा आला होता.

पण आता ती गोष्ट, जी वर राहिली. हे नाव सगळ्यांचं आहे असं आपण म्हणतो, ते खरं आहे, पण देऊळ सगळ्यांचं नव्हतं. चोखोबा, म्हणजे संत चोखामेळा. मंगळवेढ्याचे, जातीने महार, आणि म्हणून देवळात यायची परवानगी नाही. त्यांनी हे नाव बाहेर उभं राहून घेतलं, आयुष्यभर. 'ऊस डोंगा परी रस नोहे डोंगा' हे त्यांनी ज्यांना ऐकवलं ते आत होते आणि चोखोबा बाहेर. एकटे चोखोबाच नाहीत, घरच्या सगळ्यांनी अभंग रचले, बायको सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणा बंका, मुलगा कर्ममेळा. 'अवघा रंग एक झाला' हा इतका गाजलेला अभंग सोयराबाईंचा आहे हे आजही गाणाऱ्या कित्येकांना माहीत नसतं, याचं मला खरंच वाईट वाटतं.

1338 साली मंगळवेढ्याला गावकुसाचं काम चालू असताना ते कोसळलं आणि त्याखाली मजूर दबून गेले, त्यात चोखोबा होते. परंपरा अशी सांगते की नामदेव तिथे गेले, हाडांचा ढीग, कुणाची कुठली कळायला मार्ग नाही, तर नामदेव एकेक हाड कानाला लावून बघत गेले आणि ज्यातून विठ्ठल विठ्ठल असा आवाज आला ती चोखोबांची म्हणून घेतली आणि पंढरपूरला महाद्वारासमोर समाधी दिली. या गोष्टीकडे कुणी चमत्कार म्हणून बघेल. मी तशी बघत नाही. माझ्यासाठी ती अशी आहे की ज्या माणसाला त्या गावाने जातीच्या नावाने ओळखलं त्याच्या मित्राने त्याला देवाच्या नावाने ओळखलं. आणि त्याच वेळी हेही खरं की समाधीसुद्धा दाराच्या बाहेरच झाली.

पुढे सहाशे वर्षं तसंच. 1947 च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण केलं, 1 तारखेला बसले आणि 10 तारखेला सोडलं, त्याआधी गावोगाव फिरून लोकांना सांगत होते, तेव्हा कुठे ते दार उघडलं. आणि 1948 साली बाबासाहेबांनी अस्पृश्यतेचं मूळ शोधणारं जे पुस्तक लिहिलं ते नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तीन संतांच्या स्मृतीला अर्पण केलं. विठ्ठल नावाच्या अर्थावर बोलताना लोक हा भाग गाळतात, भक्तीच्या पोस्टमध्ये हे कशाला म्हणून. मला वाटतं हा गाळला तर बाकीचा अर्थ खोटा होतो. ज्यांना दार बंद होतं त्यांनी हे नाव जपलं, आणि ज्यांच्या हातात दार होतं त्यांना हे नाव रोज घेऊनही कळलं नाही.

वारीत सगळे एकमेकांना माउली म्हणतात, ओळख नसली तरी, पाणी द्या माउली, सरका माउली, आणि जो आधी वाकेल त्याच्या पाठोपाठ दुसरा वाकतो. तिथे वय बघत नाहीत, जात विचारत नाहीत. विठ्ठलाला माउली, ज्ञानोबांना माउली आणि शेजारी चालणाऱ्या अनोळखी बाईलाही माउली. देवाचं नाव माणसाला देऊन टाकलं की मग त्या माणसाशी वाईट वागणं अवघड होतं, निदान त्या रस्त्यावर तरी.

तर मी गेल्या काही काळापासून घरी एक बदल केलाय. हरिपाठ झाला की शेवटी जयघोष होतो, त्यात पुंडलिक, ज्ञानदेव, तुकाराम येतात, त्यानंतर मी चोखोबांचं आणि जनाबाईंचं नाव जोडते. परंपरेत बदल कशाला असं घरात आधी थोडं झालं, सासूबाई काही बोलल्या नाहीत पण त्यांना ते खटकलं हे कळत होतं. आता त्याच सगळ्यांच्या आधी मोठ्याने चोखोबा म्हणतात. आणि परवा लेकीने विचारलं की पंढरपूरच्या देवळात ते तरटीचं झाड कान्होपात्रेचं आहे ना, जिला बिदरच्या बादशहाकडे जायचं नव्हतं म्हणून तिने देवाच्या पायाशी जीव सोडला, मग तिचं नाव आपण का घेत नाही. तेव्हापासून तेही घेतो.